इंदिरा, इंदुमती आणि इंद्रायणी

लोणावळ्याच्या बाजारात परवा एका तरुण गृहस्थांनी मला वाटेत गाठलं. त्यांना मुलगी झाली होती, बारसं तोंडावर आलं होतं आणि घरात मीना, वीणा की लीना यावरून तट पडले होते.

"तिन्ही नावं मला तर सारखीच ऐकू येतात," ते म्हणाले. "काका, यांत फरक तो काय?"

"मीना म्हणजे मासळी," मी सांगितलं. "वीणा तुम्हाला ठाऊकच आहे. आणि लीना म्हणजे एखाद्या गोष्टीत विरून गेलेली."

"आणि नीना?"

"त्याचा अर्थ मला अजून कुठे सापडलेला नाही."

नंतर कळलं की त्यांनी नीनाच ठेवलं. ज्याचा अर्थच कुणाला माहीत नाही त्यावरून भांडता येत नाही, हे त्यांच्या पत्नीनं बरोबर ओळखलं असावं.

पंचांग गुंडाळून ठेवल्याला बरेच दिवस झाले, पण नावं विचारणारे अजून येतात. मुहूर्ताला आता शहरातली छापील दिनदर्शिका पुरते, सत्यनारायण सांगायला माझा पुतण्या जातो. नावासाठी मात्र लोकांना म्हातारा जोशीच लागतो. मी कामशेतच्या बाजूचा गावजोशी. त्या भागातली काही गावं, कान्ह्याकडच्या वाड्या आणि खिंड ओलांडून पवन मावळातलं तिकोणा पेठ एवढा मुलूख वडिलांकडून माझ्याकडे आला. छत्री, पंचांग आणि वहाणा यांवर मी तो सगळा जन्मभर पायी हिंडलो. लग्नं लावली, वास्तू शांत केल्या, पाऊस कधी येईल याची उत्तरं दिली आणि ती चुकल्यावर शिव्याही खाल्ल्या. पण मला स्वतःला सगळ्यांत गोडी होती ती नावांची.

आमचं हे काम बाहेरच्या माणसाला वाटतं तितकं गूढ नाही. मूल कधी जन्मलं ते कळलं की पंचांगावरून त्याचं नक्षत्र निघतं. प्रत्येक नक्षत्राचे चार भाग, त्यांना चरण म्हणायचं, आणि प्रत्येक चरणाला एक अक्षर ठरलेलं. त्या अक्षरावरून निघतं ते जन्मनाव. ते बाळाच्या कानात सांगायचं आणि पत्रिकेपुरतं ठेवायचं. चारचौघांत हाक मारायचं नाव वेगळं असलं तरी शास्त्राची हरकत नसते. खरी अडचण असे ती वेळेची. वाडीत घड्याळ कुणाकडे? "गुरं सोडायच्या वक्ताला", "भाकरी थापत व्हते तवा" अशी वेळ मिळायची. त्यातल्या त्यात कान्ह्याच्या बाजूची मुलं माझ्या फार सोयीची, कारण तिथल्या बायका सांगत, "पुन्याची गाडी शिटी देऊन गेली आन् पोरगी रडली." गाडीची वेळ मला पाठ असे. गाडी उशिरानं आली असेल तर मात्र पोरीचं नक्षत्र बदलण्याचा संभव होता, पण त्याला माझा इलाज नव्हता.

एकदा कामशेतच्या एका दुकानदाराच्या मुलीला हस्त नक्षत्राच्या तिसऱ्या चरणाचं अक्षर आलं. ते अक्षर ण. णपासून सुरू होणारं नाव या पृथ्वीवर कुणाला नाही. दुकानदार मात्र अक्षरावर अडून बसला.

"काका, णचंच काढा. मला शास्त्राबाहेर जायचं न्हाई."

शेवटी मी म्हटलं, "कानात णर्मदा सांगू, पत्रिकेत णर्मदा लिहू, आणि लोकांना नर्मदा ऐकू येईल. आपल्याकडे पाण्याला पानीच म्हणतात, तेव्हा कुणाच्या लक्षातही यायचं नाही." तो इतका खूश झाला की मला गुळाची ढेप दिली. ती मुलगी आता तीन लेकरांची आई आहे आणि आपल्या नावात काही काळंबेरं आहे हे तिला अजून ठाऊक नाही.

मुलाचं नाव बहुधा आधीच ठरलेलं असे. आजोबा वारले असतील तर आजोबांचं, नवस असेल तर देवाचं. मुलीच्या नावाला असा कुणी हक्कदार नसे, म्हणून तिथे आई, आत्या, मावशी यांना मैदान मोकळं मिळे. मग सारख्या आवाजाची नावं पुढे यायची आणि मला त्यांतला फरक सांगावा लागायचा. मथुरा हे गाव, मधुरा म्हणजे गोड. सुमन म्हणजे फूल, सुमती म्हणजे चांगल्या बुद्धीची. अनसूया म्हणजे जिच्या मनात मत्सर नाही ती. बायका पदराखाली तान्हं घेऊन हे सगळं मन लावून ऐकत आणि अर्थ पाहून नाव निवडत. पण मावळी जिभेवर कुठलंच नाव फार दिवस अखंड राहत नाही. सुमन आणि सुमती दोघींची वर्षभरात सुमी व्हायची, आणि मी सांगितलेले अर्थ जिथल्या तिथे राहायचे.

लोणावळ्याला रेल्वेच्या चाळीत शेजारी शेजारी दोन मुली होत्या. एक सखू आणि दुसरी सकिना, दस्तगीरभाई फिटरची मुलगी. दोघींना घरचे सकू म्हणत. कुठल्याही आईनं हाक मारली की दोघी धावत. सखूची आई वैतागून माझ्याकडे आली की आमच्या पोरीचं नाव बदलून द्या. मी सहज दस्तगीरभाईंना विचारलं, "सखू म्हणजे सखी, मैत्रीण. तुमच्या सकिनाचा अर्थ काय?"

"मनाची शांती," ते म्हणाले, आणि अंगणात बोट दाखवलं. "ती बघा आमची शांती. सकाळधरनं दोन पोरांना बडवून आलीय."

नाव बदलण्याचं मी टाळलं. पुढे दोन्ही आयांनी नाद सोडला आणि जी येईल तिला खायला घालायला लागल्या.

हे झालं बारशाचं. मुलीच्या नावाशी आमचा दुसऱ्यांदा संबंध येई तो तिच्या लग्नात. सासरी आली की तिचं माहेरचं नाव जायचं आणि नवं यायचं. ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्यानं अंगठीनं त्यावर नवं नाव काढायचं, मग साखर वाटायची. नवऱ्याला लिहिता येत नसलं तर मी त्याचा हात धरून गिरवत असे. नाव सासू सांगे, नाहीतर मी सुचवी. जिचं नाव, तिला विचारायची पद्धत नव्हती. अशी कितीतरी ताटं माझ्या हातून झाली, आणि ती सगळी विसरलो. एक तेवढं विसरलो नाही.

ते ताट होतं कान्ह्याजवळच्या एका वाडीतल्या मुलीचं. तिचं बारसं मीच केलं होतं. तिची आई दिवस भरत आले असतानाही लावणीला गेली आणि इंद्रायणीच्या काठच्या खाचरातच बाळंत झाली. अक्षर निघालं ई. मी तिला इंदिरा सुचवलं, इंदुमती सुचवलं आणि नेहमीप्रमाणे अर्थ सांगितले. इंदिरा म्हणजे लक्ष्मी. इंदू म्हणजे चंद्र, म्हणून इंदुमती म्हणजे पुनवेची चांदणी रात्र.

ती बाई ऐकून घेऊन म्हणाली, "काका, चंद्र लय लांब. आन् लक्षुमी काय आमच्या वाडीला येत न्हाई. हिच्या वक्ताला माझ्याजवळ कोन व्हतं? नदी व्हती. नदीचंच नाव ठिवा."

म्हणून ती इंद्रायणी. घरात आणि वाडीत अर्थातच इंदू.

ती लग्नाची झाली तेव्हा तिकोणा पेठेतल्या महादूचं स्थळ आलं. महादू बिजवर, पण तरुणच. पहिली बायको तापानं गेली होती, मूलबाळ नव्हतं. घरी आई, कोंडाबाई, आणि भाताची चांगली जमीन. पत्रिका मीच जुळवली. मुलीचं नाव इंद्रायणी असं मी सांगितलं तेव्हा कोंडाबाईला त्यात काही वाटलं नाही. सुपारी फोडायला ती माणसं वाडीवर आली. बोलणी झाली, चहा झाला, आणि एवढ्यात आतून मुलीच्या आईनं हाक मारली, "इंदू, पानी आन गं पाव्हन्यास्नी!"

कोंडाबाईनं कपबशी खाली ठेवली. ती उठून ओसरीच्या टोकाला गेली आणि मला खुणेनं बोलावलं.

"काका, हिला इंदू म्हंत्यात?"

"घरचं हाकेचं नाव. का?"

"आमची गेलेली बी इंदूच व्हती."

मला ते खरोखर ठाऊक नव्हतं. महादूचं पहिलं लग्न माझ्या वडिलांनी लावलं होतं, पवन मावळ तेव्हा त्यांच्याचकडे होता. मी म्हटलं, "गेलेलीचं पूर्ण नाव काय?"

"इंदिरा."

"मग नावं वेगळी आहेत. आणि नाहीतरी लग्नात नाव बदलायचंच असतं. काय ठेवायचं बोला."

"लक्षुमी ठिवा."

आता इथे माझी जीभ गप्प बसेना. मी म्हटलं, "कोंडाबाई, इंदिरा म्हणजेच लक्ष्मी. इंद्रायणी हे नाव त्याहून वेगळं आहे, ती नदी. गेलेलीचं नाव टाळायला म्हणून तुम्ही अर्थानं तेच परत ठेवताय."

ती म्हणाली, "आर्थ तुमच्या पोथीत ऱ्हातो, काका. घरात हाक आयकू येती."

मी छत्री उचलली.

मी स्टेशनकडे निघालो तर वाडीच्या उतारावर मागून पावलं वाजली. मुलगी होती. डोक्यावर रिकामी घागर, पाण्याला जाण्याचं निमित्त केलेलं.

"काका, माजं नाव बदलनार?"

"सगळ्यांचंच बदलतात, बाळ."

"तुमीच ठिवलेलं तुमीच पुसनार व्हय?"

मी तिला सासूची अडचण सांगितली. लपवण्यासारखं काही नव्हतं. तिनं शांतपणे ऐकलं, मग विचारलं, "गेलेलीच्या नावाचा आर्थ काय व्हता?" मी सांगितला. "आन् माज्या?" तोही सांगितला.

"म्हंजी नावं दोन हाईत. हाक तेवढी येक."

"हो. पण त्यांना हाकेचीच भीती वाटते."

घागर तिनं कमरेवर घेतली. "माज्या आईनं दुसरं कायबी दिलं न्हाई हो काका मला. गळ्यात मनी न्हाई, हातात पाटली न्हाई. तिनं निवडून दिलं ते येवढंच. तितं गेल्यावर लुगडं त्यांचं नेसीन, भाकरी त्यांची खाईन. पन कुनी लक्षुमी म्हनून हाक मारली तर मी वळून बघनार न्हाई. मुद्दाम न्हाई, मला कळनारच न्हाई."

मी बघतो, एवढंच म्हणालो. बघणार काय होतो कुणास ठाऊक.

मुहूर्त कळवायला तिकोणा पेठेला गेलो तेव्हा कोंडाबाईपुढे मी विषय पुन्हा काढून पाहिला. तिनं तो तोडला. "नाव बदलायचं आसंल तर लगीन, न्हाईतर न्हाई." महादू खांबाला टेकून नुसता ऐकत होता. मला पोचवायला मात्र गावाच्या वेशीपर्यंत आला. किल्ला मागे राहिला, पवनेकडे उतरणारी वाट लागली, तेव्हा तो थांबला.

"काका, आईला काय सांगू नका, पन लक्षुमी ठिवून काय व्हनार? माज्या तोंडात त्येच नाव बसलंय. परवा बैलाला हाक मारायची तर इंदू म्हनालो. नव्या बायकूला लक्षुमी म्हनाया जाईन आन् तोंडातनं इंदू निघंल. तिला काय वाटंल?"

"आणि नाव इंदूच राहिलं तर?"

"तर हाक तिला मारली का हिला, ह्ये हिला कसं कळायचं? मला तरी कळंल का?"

मग तो म्हणाला, "सासूबाई येनार हाईत लग्नाला. भागाबाई, गेलेलीची आई. त्यांच्याम्होरं ह्ये नाव निघाया नको, येवढं बघा."

गेलेलीच्या आईनं दुसऱ्या लग्नाला यायचं ही आपल्याकडची जुनी रीत आहे. नव्या सुनेला ती आपली लेक मानते, लुगडं नेसवते आणि गेलेलीच्या नावाचा टाक, म्हणजे चांदीचा छोटा ठसा उमटवलेला पत्रा, तिच्या गळ्यात बांधते. मी असे प्रसंग पाहिले होते. ते पार पडेपर्यंत मांडवात कुणी नीट श्वास घेत नाही.

लग्न तिकोणा पेठेलाच झालं. मुलीकडची माणसं बैलगाड्यांनी आली. अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली, जेवणं उठली. मग घरात नावाची तयारी झाली. पितळेच्या ताटात आंबेमोहोर पसरला. भागाबाई भिंतीशी बसली होती, वाळलेल्या अंगाची, पांढऱ्या केसांची. तिनं मुलीला लुगडं दिलं आणि टाक बांधला. बांधताना तिला गाठ साधेना, म्हणून इंद्रायणीनं मान खाली करून दोरा स्वतःच धरला.

मी महादूचा हात हातात घेतला. अंगठी तांदळावर टेकवून मी रीतीप्रमाणे मोठ्यानं विचारलं, "सुनेचं नाव काय ठेवायचं?"

"लक्षुमी," कोंडाबाई म्हणाली.

महादूचा हात हलेना. मी जरा दाबला, तरी हलेना. मी मुलीकडे पाहिलं. ती खाली बघत होती. मांडवात नवरीनं बोलायचं नसतं.

तेवढ्यात भागाबाई म्हणाली, "पोरी, म्हायेरचं नाव काय तुजं?"

"इंद्रायनी."

"आन् घरात काय म्हंत्यात?"

महादूनं माझा हात घट्ट धरला. इंद्रायणीनं एकदा सासूकडे पाहिलं आणि हळू म्हणाली, "इंदू."

कोंडाबाई जागेवरून उठली. मला वाटलं, आता ताट उचलून फेकते. भागाबाई मात्र हलली नाही. ती कोंडाबाईला म्हणाली, "म्हनून बदलताय व्हय?"

"तुमाला तरास नको म्हनून."

"मला तरास? बाई, माजी लेक गेल्यापास्नं तिचं नाव कुनीच घेत न्हाई. माज्या घरात घेत न्हाईत, मी रडंन म्हनून. तुमच्या घरी आले की समदी गप ऱ्हात्यात. मी तिचं नाव कुटं जाऊन आयकू?"

कोंडाबाई खाली बसली, ताटाच्या पलीकडे, आणि पदर तोंडाला लावला. ती कडक बाई आहे असं मी तोवर समजत होतो. ती जे बोलली ते फक्त भागाबाईला उद्देशून होतं. आम्ही बाकीचे तिथे नसल्यासारखेच होतो.

"तुमी त्या दिशी येईस्तवर ती गेलती. मीच हुते जवळ. डोळं फिरवाय लागली तशी मी हाका मारल्या. इंदू, इंदू, लय हाका मारल्या. तिनं ओ दिली न्हाई. रोज मी हाक मारायची आन् ती गोठ्यात आसली तरी ओ द्यायची. त्या दिशी दिली न्हाई." तिनं पदर डोळ्यांना लावला. "आता त्या नावानं हाक माराया मला भ्या वाटतं. मारली आन् ओ आली न्हाई तर?"

भागाबाई रडत होती, पण तिचा चेहरा मला पहिल्यापेक्षा मोकळा दिसला. एवढ्या दिवसांत त्या दिवशी काय झालं ते तिला कुणी सांगितलेलंच नसावं.

मग इंद्रायणी बोलली. नवरीनं बोलायचं नसतं हे तिला ठाऊक होतं.

"आत्याबाई, मारून तरी बघा."

कोंडाबाईनं मान हलवली.

"मारा की. मी हाय हितं."

कोंडाबाईचे ओठ हलले. पहिल्यांदा आवाजच फुटला नाही. दुसऱ्यांदा फुटला, तो इतका बारीक की मला समोर बसून जेमतेम ऐकू आला. "इंदू."

"ओ!" इंद्रायणीनं ओ दिली, गोठ्यातून द्यावी तशी, भर घरात, मोठ्यानं. दाराशी बसलेले वाजंत्रीवाले आत डोकावून पाहू लागले.

पुढचं सगळं मी जरा घाईनं उरकलं, कारण माझे स्वतःचे डोळे नीट चालेनात. महादूचा हात आता हलका झाला होता. आम्ही दोघांनी मिळून ताटात नाव काढलं, पूर्ण. कधी पाटी न धरलेल्या माणसाला दुसरंच अक्षर जोडाक्षर आलं म्हणजे काय होतं ते मी सांगायला नको. ताटात जागा पुरेना आणि शेवटचा णी काठावर चढला. महादू ते अक्षर बघून हसला. त्या घरात त्या दिवशी पहिल्यांदा कुणी हसलं ते तोच. साखर भागाबाईनं वाटली.

माझ्या विद्येचा या सगळ्यात काही उपयोग झाला, असं मला म्हणवत नाही. इंदिरा कोण, इंदुमती कोण, इंद्रायणी कोण, हे मी प्रत्येकाला समजावून दिलं होतं आणि माझं बरोबरही होतं. पण अडलं होतं ते भलत्याच ठिकाणी. त्यानंतर एक केलं. नावाचं ताट मांडलं की मी आधी नवरीकडे वळून विचारू लागलो, "तुला काय हवं?" बहुतेक मुली लाजून काहीच बोलत नसत. सासवांना ते रुचत नसे, आणि एकदोन घरांनी जोशी बदलला. पण काही मुली बोलत. कुणी आपलंच नाव ठेवा म्हणे, कुणी भलतंच सांगे. एकीनं सांगितलं, "दगडी सोडून कायबी ठिवा." तिला मी वाटेल ते सुंदर नाव द्यायला तयार होतो. तिनं शेवंता घेतलं. शेवंता, हौसा, चिमा, मैना ही नावं आता पाळण्यात फारशी येत नाहीत. याचं मला वाईट वाटतं, पण मीनाचं आणि वीणाचंही पुढे कुणाला असंच वाटेल, त्याला काय करायचं.

तिकोणा पेठेला माझं जाणं पुढेही होत राहिलं. एकदा दुसऱ्या कुणाकडे वास्तुशांत होती, ती आटोपून महादूच्या ओट्यावर टेकलो. कोंडाबाई फार थकली होती, नजरही गेली होती. माजघराच्या दाराशी बसून ती सारखी सुनेला हाका मारी. इंद्रायणी माझ्यासाठी चहा घेऊन आली तेवढ्यात आतून हाक आली आणि ती ओ देऊन आत जाऊन आली. पुन्हा हाक आली, पुन्हा गेली.

मी हसून म्हटलं, "नाव बदलून घेतलं असतंस तर थोडी विश्रांती मिळाली असती."

तीही हसली. मग मी तिला विचारलं, जे महादूनं मला वेशीवर विचारलं होतं पण तिला कधी विचारलं नसावं. "हाक तुला आहे का तिला, हे तुला कळतं का गं?"

"कळतं की," ती म्हणाली. "माजी हाक कामाची असती. पानी आन, जळान आन, कोंबडी हाकल. पन कधी कधी दिवस कलला की आत्याबाई नुसत्याच हळू इंदू म्हंत्यात. काम कायबी नसतं. ती हाक माजी न्हाई."

"मग तू काय करतेस?"

"ओ देती," ती म्हणाली. "त्या हाकंला दुसरं कोन ओ देनार?"